आधी गाडीखाली शिरा, मग बॉनेट उघडा

पत्र, थोडक्यात:

"मी ३६ वर्षांचा, नोकरी बैठी. एक १८ वर्षं जुनी डिझेल एसयूव्ही बघून ठेवली आहे. फोर बाय फोर, गिअर हाताने टाकायचे, २,४०,००० किलोमीटर झालेली, तिसरा मालक. इंजिनचा आवाज झकास आहे. विकणारा म्हणतो, किरकोळ कामं आहेत, दोन रविवारांत उरकतील. ब्रेक मारला की गाडी जराशी डावीकडे जाते आणि फोर बाय फोरचा दिवा लागत नाही, एवढंच. खालून त्याने नुकताच काळा रंगही मारून घेतलाय. मनात आहे की आत्ताची छोटी गाडी विकून ही घ्यावी आणि घरीच, स्वतःच्या हाताने ठीक करावी. माझ्याकडे पान्यांचा एक संच आहे आणि गाडीबरोबर मिळतो तो जॅक. बायको म्हणते, तुला वेड लागलंय. वर ती विचारते, गाडी रस्त्यावर यायला किती दिवस लागतील? घ्यावी का? — हात शिवशिवणारा"

प्रिय हात शिवशिवणारे,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही विकणाऱ्याचं कौतुक म्हणून लिहून टाकली आहे. खालून नुकताच काळा रंग मारलाय. इंजिनच्या झकास आवाजापेक्षा मला त्या रंगाची जास्त काळजी वाटते, कारण तो रंग मी एकदा विकत घेतलेला आहे. गाडी अशीच होती, उंच, देखणी, खालून काजळासारखी काळीभोर. तिसऱ्या महिन्यात मागच्या शॉकअब्सॉर्बरचा नट सोडवायला गेलो, तर नट फिरला नाही, तो ज्या पट्टीवर होता ती पट्टीच हातात आली. काळ्या रंगाखाली गंज, गंजाखाली पुट्टी आणि पुट्टीखाली पोकळी. इंजिन शेवटपर्यंत उत्तम चालत होतं. गाडी मात्र भंगारात गेली.

म्हणून इतर काही सांगण्याआधी एक गोष्ट. जुन्या पद्धतीच्या एसयूव्हीत खाली शिडीसारखी एक लोखंडी चौकट असते, तिला चासी म्हणतात. बॉडी, इंजिन, अॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा दांडा), सगळं तिच्यावर बोल्टने बसवलेलं असतं. जे बोल्टने बसवलंय ते बोल्ट काढून बदलता येतं. इंजिनसुद्धा बदलता येतं, लोक बदलतात. चासी सडली तर बदलायला काही उरतच नाही, सगळी गाडीच सोडवावी लागते. तुम्ही आत्तापर्यंत त्या इंजिनच्या प्रेमात पडला आहात. ते बाजूला ठेवा आणि चासी बघायला म्हणून पुन्हा एकदा जा. (काही एसयूव्हींना वेगळी चासी नसतेच, बॉडी हाच सांगाडा असतो. तिथे हीच तपासणी दाराखालच्या पट्ट्या, चाकांच्या आतल्या कमानी आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलंय त्या जागा यांची करायची.)

एसयूव्हीची एक जमेची बाजू अशी की ती उंच असते. जॅक न लावता, चारही चाकं जमिनीवर असताना तुम्ही जुने कपडे घालून तिच्याखाली सरकू शकता. सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, चाकांना अडसर आणि चावी तुमच्या खिशात. सोबत टॉर्च, एक जाड स्क्रू ड्रायव्हर, छोटा हातोडा आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घ्या. चासीच्या लांब तुळया, म्हणजे त्या शिडीचे दोन दांडे, मागून पुढपर्यंत ठोकत जा. चांगलं लोखंड टणटणतं, सडलेलं बद्द वाजतं. एकदा दोन्ही आवाज ऐकले की कान पुन्हा चुकत नाही. मागच्या अॅक्सलच्या वर चासी जिथे कमान घेते, पाटे किंवा स्प्रिंग जिथे अडकवलेले असतात आणि बॉडीचे रबरी माउंट जिथे बसतात, तिथे जास्त वेळ घालवा. चिखल साचतो, ओल टिकते आणि डबा-आकाराची तुळई आतून बाहेरच्या दिशेने सडते. बाहेरून पापुद्रा दिसायला लागतो तोवर आतलं काम झालेलं असतं. शंका आली तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोर लावून टेकवा. वरवरचा तांबूस गंज खरवडला जातो, खाली चकचकीत धातू लागतो, त्याची फिकीर नको. टोक आत गेलं तर गाडीही तिथेच राहू द्या. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे लोखंड नाही, पुट्टी आहे.

हे करण्याआधी मालकाला विचारा, अर्थातच. तो 'खुशाल बघा' म्हणाला तर अर्धी परीक्षा पास. 'रंग खराब होईल' म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका, पाणी पिऊन घरी या.

खाली आहातच तर चासीवर ठोकलेला नंबरही शोधा. ताज्या रंगाखाली तोही झाकला गेलेला असू शकतो. तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही रोमन अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. चासीवरचा नंबर, कंपनीच्या पाटीवरचा (नंबरप्लेट नव्हे) नंबर आणि नोंदणीच्या कागदावरचा नंबर तंतोतंत जुळला पाहिजे. एखादा आकडा खरवडल्यासारखा किंवा शेजाऱ्यांपेक्षा वेगळ्या ठशाचा वाटला तर पुढचं काहीही बघायची गरज नाही.

आता इंजिन. पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी गाडी चालू करून ठेवली होती. निमित्त काहीही सांगितलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा आणि थंड इंजिन स्वतः सुरू करा. डिझेल गाडीची दुखणी थंडीत बोलतात. पहिल्या क्षणी थोडा पांढरा धूर आला आणि विरला तर फारसं काही नाही, हीटर प्लग (थंड इंजिन पेट घ्यावं म्हणून आतून तापणारे) म्हातारे झाले असतील. तो पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं इंजिन थंड ठेवणारं पाणी, जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. काळा धूर कधीकधी नुसत्या तुंबलेल्या एअर फिल्टरने येतो, त्याला घाबरून जाऊ नका. निळ्याला घाबरा.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं भोकावर ठेवा. जरासं थरथरलं तर ठीक. नाचायला लागलं, धूर फुसफुसत बाहेर येऊ लागला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि इंजिन मोठं काम मागतंय. त्याच झाकणाच्या आतल्या बाजूला चहाच्या सायीसारखा पिवळट लगदा दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरत असण्याची शक्यता धरा. मग रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबून बघा. थंड इंजिन सुरू करून मिनिटभरातच तो दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला दाब हेड गॅस्केट (इंजिनचं डोकं आणि धड यांच्यामधली सीलची पट्टी) ओलांडून पाण्यात जातोय. पाणी तापून दाब वाढायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं, गरम असताना कधीच नाही. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवून ठेवणारा पट्टा) कधी बदलला, त्याची पावती मागा. 'मागच्या मालकाने बदललाय' ही पावती नव्हे. काही इंजिनांत बेल्टऐवजी साखळी असते, ते आधी माहीत करून घ्या. बेल्ट असेल आणि कागद नसेल तर बदललेला नाही असं धरून चाला, कारण बहुतेक डिझेल इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात आणि झकास आवाजाचं इंजिन दोन सेकंदांत भंगार होतं. बेल्ट बदलताना पाण्याचा पंपही बदलून टाका. तो बेल्टच्या मागेच बसलेला असेल तर वेगळा बदलायला तेच सगळं काम पुन्हा करावं लागतं.

तुमच्या गाडीचा ब्रेक. विकणारा ज्याला 'जराशी' म्हणतो त्याबद्दल: गाडी डावीकडे जाते म्हणजे डावा ब्रेक जास्त धरतोय असं वाटतं, पण पुष्कळदा डावा आपलं काम नीट करत असतो आणि उजवा झोपलेला असतो. पाच-सहा किलोमीटर चालवा, नेहमीसारखे ब्रेक मारा, मग उतरून प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात नेऊन ऊब बघा. डिस्कला बोट लावू नका, चटका बसेल. पुढची दोन्ही चाकं सारखी गरम हवीत. एक थंड असेल तर त्या बाजूचा कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जाम आहे किंवा ब्रेकचा रबरी पाइप आतून सुजून बंद झालाय. एकच भट्टीसारखं तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटतच नाहीये. यातलं काहीही असलं तरी दुरुस्त होण्यासारखं आहे, पण दुरुस्त होईपर्यंत ती गाडी घरी चालवत आणू नका, उचलून आणा.

फोर बाय फोरच्या दिव्याचं मला उलट फारसं वाटत नाही. बहुतेक वेळा ट्रान्सफर केसवरचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) एक छोटा स्विच किंवा गंजलेली वायर निघते. पण दिव्यामागे खरी यंत्रणा काम करते का, हे बघायलाच हवं. मातीच्या किंवा खडीच्या जागेवर फोर-हाय (चारही चाकांना ताकद, वेग नेहमीचा) टाका, मग गाडी थांबवून, न्यूट्रल करून फोर-लो टाका. फोर-लोमध्ये इंजिन ओरडतं आणि गाडी माणसाच्या चालीने जाते. फरक जाणवलाच नाही तर काहीतरी अडकलंय. कित्येक मालक वर्षानुवर्षं तो दांडा हलवतच नाहीत आणि न हलवल्यामुळेच तो आखडतो. ही चाचणी कोरड्या डांबरी रस्त्यावर करू नका. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. साध्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडलेले असतात, त्यामुळे तो फरक निघायला वाट नसते आणि ताण गिअरमध्ये साठत जातो. मातीवर चाक थोडं घसरतं आणि ताण मोकळा होतो. डांबरावर दात मोडतात.

बाकीच्या गोष्टी भराभर. गाडी पुढे-मागे करताना खालून 'टक' आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचे (अॅक्सलकडे ताकद नेणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे सांधे, झिजलेत, बदलता येतात. चाक वर उचलून वरून-खालून धरून हलवा, खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट; डावी-उजवीकडून धरून हलवा, खेळ असेल तर स्टिअरिंगचे सांधे. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी भरपूर दिसते म्हणून खूश होऊ नका, रबराचं वय बघा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असेल तर ती गाडी कधीतरी पुरात उभी होती आणि तिच्या वायरिंगमध्ये हात घालण्याइतकं तुमचं काही वाईट मी चिंतत नाही.

गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा एक स्वस्त ओबीडी स्कॅनर मिळतो, फोनला ब्लूटूथने जोडता येतो. तो लावायचं सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना सक्तीचं झालं, इतरत्र त्यानंतर वेगवेगळ्या वर्षी आलं, तेव्हा तुमच्या गाडीत आहे का ते आधी बघा. पण नुसते 'कोड नाहीत' हे वाचून समाधान मानू नका. कोड पुसून टाकणं हे मिनिटभराचं काम आहे. गाडीचा संगणक स्वतःच्या काही चाचण्या घेत असतो आणि कोड पुसले किंवा बॅटरी काढली की त्या चाचण्या 'अपूर्ण' दाखवतात. कोड एकही नाही आणि चाचण्याही सगळ्या अपूर्ण, म्हणजे पाटी आज सकाळीच पुसली आहे.

आता वहिनींकडे येऊ. वेडाबद्दल मी काही बोलत नाही, मला तो अधिकार नाही. पण तुमची छोटी गाडी विकू नका. घरातली एकमेव गाडी उघडून बसायची नसते. सोमवारी कामाला जायचंय आणि ब्रेकचा एक भाग अजून आलेला नाही, अशा रविवारी रात्री माणूस जी दुरुस्ती करतो ती पुढच्या मालकाला शिव्या घालायला लावते. दोन गाड्या ठेवणं परवडत नसेल तर ही घेऊच नका, इतकं ते सरळ आहे. आणि जेवढ्याला ती घ्याल त्याच्या निदान एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवा, असा माझा हिशेब. भाव करताना तीही गृहीत धरा. 'किरकोळ कामं' हा शब्द विकणाऱ्याचा आहे. इतकी किरकोळ होती तर त्याने दोन रविवार काढून ती उरकली का नाहीत, हे त्याला हसत हसत विचारा. उत्तर काय येतं यापेक्षा किती वेळाने येतं ते बघा.

समजा चासी चांगली निघाली, कागद जुळले आणि तुम्ही गाडी घेतली. पुढचा परिच्छेद दोनदा वाचा.

गाडीबरोबर मिळतो तो जॅक रस्त्यावर चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्यावर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, अगदी 'एक मिनिट बघतो' म्हणूनही नाही. ही गाडी दोन टनांच्या आसपास असेल. तीन टनी ट्रॉली जॅक आणि तेवढ्याच ताकदीचे जॅक स्टँड घ्या, पान्यांआधी ते घ्या. जागा सपाट आणि पक्की हवी. सिमेंटची वीट किंवा ठोकळा स्टँड म्हणून वापरू नका. तो वाकत नाही, इशारा देत नाही, एकदम फुटतो. गाडी स्टँडवर टेकली की खाली जाण्याआधी तिला दोन्ही हातांनी जोरात हलवा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. काढलेलं चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवा, चुकून काही झालंच तर तेवढी फट राहते.

आणि हे फार कमी जण सांगतात: काही जुन्या फोर बाय फोर गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसमागे शाफ्टवर असतो. अशा गाडीचं मागचं एक चाक उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही ती चालू लागते, कारण डिफरन्शियलमुळे (दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी अॅक्सलवरची गिअरपेटी) हवेतलं चाक उलटं फिरून जमिनीवरच्या चाकाला मोकळं करतं. नुसतं गिअरमध्ये ठेवूनही हेच होतं. म्हणून जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचेच. माझी गाडी अशीच एकदा वीतभर सरकली. मी तेव्हा पाना आणायला घरात गेलो होतो. परत आल्यावर बराच वेळ पायरीवर नुसता बसून राहिलो.

कामाचा क्रम म्हणाल तर थांबणारं आधी, पळणारं नंतर. पहिल्यांदा ब्रेक, स्टिअरिंग, टायर. मग कूलंटचे होज पाइप, पट्टे, टायमिंग बेल्ट. मग सगळी ऑइलं: इंजिनचं, गिअरबॉक्सचं, ट्रान्सफर केसचं, पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं. आधीच्या मालकाने काय आणि कधी घातलं हे समजायला मार्ग नाही, तेव्हा सगळी बदलून तारीख आणि किलोमीटर एका वहीत लिहा. गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं ऑइल सांगितलं असेल तर 'हे वरच्या नंबरचं आहे' म्हणून जीएल-५ घालू नका. डिफरन्शियलसाठी ते उत्तम, पण त्यातली गंधकयुक्त द्रव्यं जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना मानवत नाहीत.

डिफरन्शियलचं ऑइल काढताना खालचा बोल्ट उघडण्याआधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. मी उलटं केलं होतं. जुनं ऑइल सगळं परातीत, आणि नवीन घालायचा बोल्ट गंजून असा बसलेला की षटकोन गोल झाला. गाडी जागची हलवता येईना. गंजलेल्या बोल्टशी कुस्ती खेळायची नसते, त्याला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल पाजायचं, सकाळी पुन्हा पाजायचं, मग आधी किंचित आवळून बघायचं आणि त्यानंतर सोडवायचं. आवळल्याने गंजाची पकड तुटते. सॉकेट सहा कोनांचं वापरा, बारा कोनांचं सॉकेट जुन्या बोल्टचे कोपरे खातं. तरीही काही बोल्ट तुटणारच. पहिला तुटेल तेव्हा हत्यारं ठेवून आत जा आणि उरलेलं काम दुसऱ्या दिवशी करा. वैतागलेला माणूस दुसरा बोल्ट पाच मिनिटांत तोडतो, हे मी अनुभवाने सांगतो.

ब्रेकचं काम घरी करता येतं का? येतं, आणि तुमच्या दुखण्यापासूनच सुरुवात होईल. ज्या बाजूचा कॅलिपर जाम आहे तो एकटा बदलून थांबू नका, पॅड दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदला. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे कसं होतं ते विसरलात तर दुसरी बाजू बघायला शाबूत असते. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि अर्धी वापरून ठेवलेली जुनी बाटली वापरायची नसते. ते रंगावर सांडलं तर रंग उकलतो, लगेच पाण्याने धुवा. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायला दुसरा माणूस लागतो पेडल दाबायला. वहिनींना तेव्हा विचारा, पण आधी नीट समजावून सांगा, आणि त्यांनी 'आता सोडू?' विचारलं तर घाईत 'हो' म्हणू नका. आधी हवा काढायचा नट बंद, मग हो. पहिल्यांदाच करत असाल तर रस्त्यावर नेण्याआधी एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्या. यात कमीपणा नाही.

काही कामांना मात्र घरी हात लावू नका. डिझेल इंजिन कॉमन रेलचं (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून दाबाने डिझेल देणारं) असेल तर इंजेक्टरकडे जाणाऱ्या लाइनमधला दाब हजार बारच्या वर जातो. टायरमध्ये दोन-अडीच बार असतो, यावरून अंदाज करा. इंजिन चालू असताना तिथे गळती बोटाने शोधली तर बारीक धार कातडीतून आत शिरते. दिसायला टोचल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात ताबडतोब शस्त्रक्रिया लागते. दाबलेली कॉइल स्प्रिंग, एअरबॅग, एसीचा गॅस आणि चासीचं वेल्डिंग, हे चारही दुसऱ्याकडून करून घ्या. डिझेल फिल्टर बदलणं, त्यानंतर हातपंपाने हवा काढणं, हीटर प्लग, शॉकअब्सॉर्बर, क्रॉस, बूश, स्टार्टर, अल्टरनेटर हे सगळं तुमच्या आवाक्यातलं आहे. विजेच्या भुताटकीला आधी अर्थिंगच्या वायरी घासून बघा. गाडीच्या अर्ध्या विजेच्या तक्रारी बॅटरीपासून चासीला जाणाऱ्या एका गंजलेल्या वायरीत असतात, निदान माझ्या गाड्यांच्या तरी होत्या.

त्या मॉडेलचं कारखान्याचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. कोणता नट किती ताकदीने आवळायचा हे त्यात लिहिलेलं असतं आणि त्यासाठी टॉर्क पाना घ्या. हाताच्या अंदाजाने एकतर नट सैल राहतो नाहीतर स्टड ताणला जातो. भंगारातून दरवाजा, काच, सीट, अल्टरनेटर खुशाल आणा. रबरी वस्तू, बेल्ट आणि ब्रेकचे भाग नवेच घ्या. काढलेलं कूलंट उघड्या बादलीत ठेवू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात. जुनं ऑइल बंद डब्यात भरून जिथे ते परत घेतात तिथे द्या, गटारात ओतू नका.

आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. एका वेळी एकच काम उघडायचं. ब्रेक करताना 'हाताशी आहेच तर' म्हणून सस्पेन्शन सोडायचं नाही, डॅशबोर्ड तर मुळीच काढायचा नाही. सोडवलेले बोल्ट ज्या त्या पिशवीत, पिशवीवर नाव, सोडवण्याआधी फोटो. अर्धवट सोडून दिलेल्या जुन्या गाड्या विकायला येतात त्यांतल्या बहुतेक यंत्राने हरलेल्या नसतात. मालकाने चार टोकं एकदम उसवलेली असतात आणि मग कोणता बोल्ट कुठला हे त्याला आठवेनासं झालेलं असतं. त्या गाड्या स्वस्त मिळतात, डब्यांसकट.

तर घ्यावी का? स्क्रू ड्रायव्हर टणकन परत आला, नंबर जुळला, झाकण नाचलं नाही आणि छोटी गाडी घरात राहिली, तर घ्या. १८ वर्षं आणि २,४०,००० किलोमीटर याने मी घाबरत नाही. यातल्या पहिल्या गोष्टीला उत्तर 'नाही' आलं तर बाकीच्या तिन्ही बघूसुद्धा नका.

राहिला वहिनींचा प्रश्न. दोन रविवार हा आकडा त्यांच्यासमोर उच्चारू नका. सहा महिने सांगा. मी घरी तीन सांगितले होते, चौदा लागले, आणि त्यातले दोन त्या भरायच्या बोल्टने खाल्ले.